दारूचे व्यसन : शपथ, औषध आणि चार बैठका

राखेच्या बुधवारी कितीतरी पुरुष मनाशी शपथ घेतात : ‘आजपासून दारू बंद.’ शेजारच्या वारकरी घरांत कोणी माळ घालतो, कोणी श्रावण पाळतो. ही इच्छा चांगली आहे. तिची थट्टा करू नये. परंतु वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एका दिवसात तोडली, तर दोन-तीन दिवसांत ते त्याच्या जिवावर बेतू शकते, ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते.

अशा माणसाचे हात थरथरू लागतात. घाम सुटतो, झोप उडते. मग फेफरे येते, किंवा तो बरळू लागतो आणि भिंतीवर किडे-मुंग्या चालताना त्याला दिसतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. कोणी देवऋषाकडे नेतो. कोणी म्हणतो, दोन घोट द्या, म्हणजे शांत होईल. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. हा शरीराचा आजार आहे. त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि त्यावर औषधही आहे. या आजाराविषयी शास्त्राने काय शोधून काढले आणि आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसाने त्याचा उपयोग कसा करावा, ते आज पाहू.

व्यसन हा आजार कसा?

‘त्याने मनावर घेतले तर उद्या सोडेल,’ असे आपण सहज म्हणतो. काही जण सोडतातही. पण सर्वांना ते जमत नाही आणि त्याचे कारण केवळ मनाचा दुबळेपणा हे नाही. अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५६ साली दारूच्या व्यसनावर रुग्णालयात आजार म्हणून उपचार व्हावेत, असे जाहीर केले. १९७३ साली डॉ. गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक पाहणी केली. लहानपणीच दत्तक गेलेली मुले त्यांनी शोधली. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचे व्यसन होते, असे मुलगे परक्या घरात वाढूनही इतर दत्तक मुलांच्या जवळजवळ चौपट प्रमाणात व्यसनी झालेले आढळले. म्हणजे काहींच्या रक्तातच धोका अधिक असतो. याचा अर्थ दारुड्याचा मुलगा दारुडा होणारच, असा नव्हे. मधुमेह्याच्या मुलाने जशी साखर सांभाळावी, तशी त्याने पहिल्या पेल्यापासूनच सावधगिरी बाळगावी, एवढाच त्याचा अर्थ.

सर्व पिणारे एका मापाचे नसतात. कोणी सणासुदीला पितो. कोणी इतके पितो की प्रकृती, पैसा आणि घर यांना धक्का लागू लागतो, पण शरीर अजून दारूचे गुलाम झालेले नसते. तिसरा मात्र पुरता अडकलेला असतो : सकाळी हात थरथरतो म्हणून तो पितो. उपचार ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा.

मापाचा हिशेबही समजून घ्यावा. आपल्याकडील व्हिस्की, रम किंवा ब्रँडीच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे ‘नव्वद’मध्ये ३० ग्रॅम आणि ‘क्वार्टर’मध्ये ६० ग्रॅम. ‘मी दारू पीत नाही, नुसती बिअर घेतो,’ असे सांगणाऱ्याने ध्यानात ठेवावे की आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास मद्यार्क असतो. नाव बदलले, तरी यकृताला फरक कळत नाही.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज आहे. पुरते अडकलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता. बाकीच्या ३७ घरांत काय चालले असेल, ते निराळे सांगायला नको.

एकदम सोडल्यावर काय होते?

दारू मेंदूचा वेग कमी करते. रोज दारू मिळू लागली की मेंदू आपले काम चालू ठेवण्यासाठी उलट जोर लावायला शिकतो. घाटात ब्रेक दाबून धरलेला असताना दुसऱ्या पायाने अॅक्सिलरेटर दाबावा, तसा हा प्रकार आहे. आता दारू अचानक बंद झाली, म्हणजे ब्रेक निघाला. पण अॅक्सिलरेटर मात्र दाबलेलाच. चोर्ल्याच्या उतारावर अशा ट्रकचे काय होईल, ते आपल्या भागातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते. फेफरे येणार असेल, तर ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो : माणसे ओळखू येत नाहीत, नाही ते दिसते, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास अशा अवस्थेत माणूस दगावू शकतो. वेळेवर दवाखान्यात नेले, तर बहुतेक जण वाचतात. डॉक्टर मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या ठरावीक प्रमाणात देतात आणि काही दिवसांत त्या कमी करत बंद करतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घेऊ नयेत. त्यांचेही व्यसन लागते.

आणखी एक गोष्ट. रोज पिणारा माणूस धड जेवत नाही आणि दारूमुळे अन्नातील बी-१ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यात असते, ते हेच जीवनसत्त्व. त्याची फार कमतरता झाली, तर डोळे तिरळे होतात, चाल अडखळते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लावण्याच्या आधी किंवा तिच्याबरोबर बी-१ चे इंजेक्शन देतात. डॉक्टरांपासून दारूची गोष्ट लपवली, तर हे इंजेक्शन राहून जाते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपायी दवाखान्यात खोटे बोलू नये.

तेव्हा, सकाळी उठल्याबरोबर ज्याला प्यावे लागते, ज्याला पूर्वी दारू सोडताना फेफरे आले होते, ज्याला कावीळ झाली आहे किंवा ज्याचे पोट पाण्याने फुगले आहे, त्याने शपथ जरूर घ्यावी, परंतु शपथेच्या आधी डॉक्टरांकडे जावे.

आमटीत मिसळायची पूड

‘त्याला न कळवता दारू सोडवा,’ अशा जाहिराती आपण बसस्टँडच्या भिंतीवर वाचतो. थकलेल्या बायका आणि आया पोटाला चिमटा काढून अशा पुड्या विकत घेतात. त्यांत काय असते, ते विकणारा सांगत नाही. कधी काहीच नसते, तर कधी डायसल्फिराम नावाचे खरे औषध असते. आणि धोका तिथेच आहे.

या औषधाची कथा मोठी मौजेची आहे. कोपनहेगन येथील हाल्ड आणि जेकबसन हे दोन संशोधक ते जंतांवरील औषध म्हणून तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले. पुढे थोडी दारू घेतल्याबरोबर तोंड लालबुंद झाले, डोके ठणकू लागले आणि छाती धडधडू लागली. कारण असे : दारूचे यकृतात प्रथम एका विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग त्या विषाचा निचरा होतो. हे औषध तो निचरा अडवते. १९४८ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि दारू सोडू इच्छिणाऱ्यांना एक कुंपण मिळाले. ‘गोळी घेतली आहे, आता प्यालो तर हाल होतील,’ या धाकाने माणूस गुत्त्याच्या दारातून परत फिरतो.

परंतु हे कुंपण त्याचे त्याने, जाणूनबुजून घालून घ्यायचे असते. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम एक-दोन आठवडे राहू शकतो. ज्याला आपल्या आमटीत काय मिसळले आहे, हेच ठाऊक नाही, तो नेहमीसारखा क्वार्टर घेतो. त्याचा रक्तदाब एकाएकी उतरतो आणि हृदय दुबळे असेल, तर प्राण जातो. बायकोच्या हातून नवऱ्याचा जीव जावा, याहून मोठे दुर्दैव कोणते? गुपचूप पूड कधीही देऊ नये.

दारूची ओढ कमी करणारी औषधेही आता आहेत. नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ साली या कामासाठी मान्यता मिळाली. अकॅम्प्रोसेट हे दुसरे. ती जादूची कांडी नव्हेत. २०२३ साली अनेक पाहण्यांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा असे दिसले की अकॅम्प्रोसेट ११ जणांना दिल्यास, एरवी पुन्हा प्यायला असता असा एक जण वाचतो. मात्र यकृत आणि मूत्रपिंडे तपासून, डॉक्टरांनी सांगितल्यावरच ही औषधे घ्यावीत.

गोव्यातील प्रयोग

आता शेजारची एक गोष्ट. जांबोटीवरून कणकुंबी, चोर्ला आणि साखळी करत गोव्याला जाणारा रस्ता आपल्या पायाखालचा आहे. या रस्त्याने गोव्याची स्वस्त दारू वर येते, अशी आपली तक्रार असते. त्याच गोव्यातून या आजारावरचा एक उपयोगी उपायही आला आहे.

गोव्यातील ‘संगत’ या संस्थेचे डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रश्न विचारला : मनोविकारतज्ज्ञ मोजके आणि पिणारे लाखो. मग गावातल्याच शिकल्या-सवरल्या माणसाला प्रशिक्षण देऊन त्याने पिणाऱ्यांशी पद्धतशीर बोलावे, तर फरक पडेल का? २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, अपाय होईल इतके पिणारे ३७७ पुरुष त्यांनी निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला डॉक्टरांचा नेहमीचा उपचार थोडा सुधारून दिला. दुसऱ्या गटाला त्याशिवाय समुपदेशकाबरोबर जास्तीत जास्त चार बैठका दिल्या, प्रत्येक अर्ध्या ते पाऊण तासाची. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. या कामासाठी शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे होती.

तीन महिन्यांनंतर मागील १४ दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले लोक नेहमीच्या उपचाराच्या गटात दर शंभरी १८ होते आणि बैठकांच्या गटात ४२. वर्षानंतरही फरक टिकला : ज्यांचे पिणे अपायाच्या पातळीखाली आले, ते पहिल्या गटात शंभरी ३२ आणि बैठकांच्या गटात ५४ होते. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन महिन्यांच्या तपासणीत जे पीतच राहिले होते, त्यांच्या रोजच्या पिण्याचे माप बैठकांमुळे कमी झालेले दिसले नाही. आणि हा उपाय पुरत्या अडकलेल्यांसाठी नव्हता. त्यांना तज्ज्ञ डॉक्टरच हवेत. म्हणजे बोलण्याचा गुण येतो, पण लवकर बोलले पाहिजे. माणूस पुरता बुडण्याची वाट पाहू नये.

बैठकीत काय बोलतात? उपदेश करत नाहीत. तुम्ही किती पिता, त्यातून काय मिळते, काय गमावता, काय बदलावेसे वाटते, ते त्यालाच विचारतात. पगाराच्या दिवशी कोणत्या वाटेने घरी जायचे, मित्राने आग्रह केला तर काय उत्तर द्यायचे, राग आला तर काय करायचे, याची तयारी करून घेतात. घरचे माणूस सोबत आले, तर त्याचीही मदत घेतात.

रागावून का भागत नाही?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली याच विषयावर लिहिले. आपण जितके जोराने ‘सोड’ म्हणतो, तितका समोरचा आपल्या पिण्याची बाजू मांडू लागतो. वकील भेटला की आरोपी बोलायला शिकतो, तसे हे आहे. उलट शांतपणे विचारले, तर तोच आपल्या तोंडाने म्हणतो, ‘पोरीच्या फीचे पैसे गेले, हे मला बरे वाटत नाही.’ स्वतःच्या तोंडून निघालेले कारण माणसाला पटते. हे घरच्यांनी, शिक्षकांनी आणि आम्ही प्रवचन देणाऱ्यांनीही लक्षात घेण्यासारखे आहे.

घरच्यांना शिकवण्याचाही उपयोग होतो. १९९९ साली अमेरिकेत १३० कुटुंबांवर केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. या घरांतील पिणारे उपचाराला साफ नकार देत होते. घरच्या माणसाला विशिष्ट पद्धत शिकवलेल्या गटात शंभरी ६४ पिणारे अखेर उपचाराला तयार झाले. त्या पद्धतीतील काही गोष्टी आपणही करू शकतो :

१. तो प्यालेला असताना वाद घालू नये. सकाळी, शुद्धीवर असताना बोलावे.

२. ज्या दिवशी पीत नाही, त्या दिवशी त्याच्याबरोबर जेवावे, हसावे, दोन चांगले शब्द बोलावेत.

३. त्याच्या पिण्याचे परिणाम आपण निस्तरू नयेत. गुत्त्याची उधारी फेडू नये आणि मुकादमाला ‘ताप आलाय’ असे खोटे सांगू नये.

४. तो स्वतः कंटाळून ‘आता पुरे’ म्हणेल, ती वेळ साधावी. कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, ते आधीच ठरवून ठेवावे.

५. मारहाण मात्र ‘आजार आहे’ म्हणून सोसू नये. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जावे. ११२ किंवा महिलांसाठी असलेला १८१ क्रमांक लावावा.

पुन्हा प्यायला तर?

हरळी एका खुरपणीत जात नाही. मुळाचा तुकडा राहिला की पहिल्या पावसात ती परत डोके काढते. म्हणून कोणी शेत टाकून देत नाही, पुन्हा खुरपतो. व्यसनाचेही तसेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेनुसार व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी शंभरी ४० ते ६० जण वर्षभरात पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत दुखणे उलटण्याचे प्रमाण शंभरी ५० ते ७० आहे. रक्तदाब वाढलेल्या माणसाला आपण ‘तू वाया गेलास’ असे म्हणत नाही. गोळी पुन्हा सुरू करतो. घसरलेल्या माणसाला हाच न्याय लावावा.

खुरपणी चालू ठेवायला सोबत लागते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही मद्यपींनीच एकमेकांना सावरण्यासाठी १९३५ साली अमेरिकेत सुरू केलेली चळवळ १९५७ पासून आपल्या देशात आहे. तिथे फी नाही आणि नाव उघड होत नाही. २०२० साली २७ पाहण्यांचा, दहा हजारांहून अधिक लोकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत या मार्गाची पद्धतशीर ओळख करून दिलेले लोक इतर उपचार घेणाऱ्यांच्या बरोबरीचे, पुष्कळदा त्यांच्याहून सरस ठरले.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मोलाची मदत केली. तिथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि पूर्वी तिथेच बरे झालेले अनेक जण आज तिथे काम करतात. घरी गेल्यावरही पाठपुरावा होतो.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. जिथे डॉक्टर नाही, जिथे घरच्यांना भेटू देत नाहीत, जिथे मारतात, तिथे आपले माणूस ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूमुळे होणाऱ्या मानसिक विकारांचाही समावेश आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई केली आहे.

आता काय करावे?

डॉ. युइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या चार प्रश्नांचा आशय असा. पिणाऱ्याने ते स्वतःला विचारावेत. पिणे कमी करावे, असे कधी वाटले का? पिण्याबद्दल कोणी बोलले, तर चीड आली का? पिण्याबद्दल मनाला खंत वाटली का? हात स्थिर व्हावा म्हणून सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागली का? दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर डॉक्टरांना भेटावे. चौथ्याचेच ‘होय’ असेल, तर आजच भेटावे.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खानापूरच्या तालुका दवाखान्यात करावी. पुढे बेळगावचे जिल्हा रुग्णालय आहे आणि धारवाडला डिमान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक फुकट आहेत. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

१ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली. पिणारे दुसऱ्या बाटलीकडे वळले. दुकान बंद करणे सरकारच्या हाती आहे. शेजारच्या घरातला माणूस सकाळी शुद्धीवर असताना त्याच्या ओट्यावर अर्धा तास बसणे मात्र आपल्या हाती आहे. शपथ घेणाऱ्याला आशीर्वाद द्यावा, आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यायला बरोबर जावे.